नवाचा ताळा

मला एक वीस आकडी संख्या तोंडपाठ आहे. स्वतःचा मोबाइल क्रमांक मात्र पाठ नाही. तो सांगायची वेळ आली की मी खिशातली चिठ्ठी बाहेर काढतो आणि घरची मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. पण झोपेतून उठवून विचारले तरी ही संख्या मी बिनचूक सांगेन : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

परवा दिवाळीच्या सफाईत एका जुन्या वहीवर ती नातीच्या नजरेस पडली. नात पुण्यात संगणकाच्या कचेरीत नोकरी करते. तिने आकडे मोजले, क्षणभर विचार केला आणि आनंदाने ओरडली, "आजोबा, ही तर आमची संख्या!" संगणकाच्या चौसष्ट बिटांच्या खणात जी सर्वांत मोठी पूर्ण संख्या मावते, ती म्हणे हीच. दोनाला दोनाने गुणत चौसष्ट दोन एकत्र करावेत आणि त्यातून एक वजा करावा.

मी म्हटले, "तुमची नव्हे बाई, आमची. परभणीच्या मोंढ्यातली."

ती हसली. तिला वाटले, आजोबांनी नेहमीप्रमाणे काहीतरी ठोकून दिले.

परभणीची मंडळी गावाबद्दल एक म्हण अभिमानाने सांगतात : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' कुठे जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच. माझ्या वडिलांचे कुठेच 'बनले' नव्हते असे नाही, त्यांना परभणीबाहेर जाऊन पाहायचेच नव्हते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. मोंढ्यातल्या एका आडतीवर ते मुनीम होते. शिक्षण निजामाच्या अमदानीतले, म्हणजे उर्दूतून. हिशोब मात्र मराठीत. त्या काळी हैदराबाद संस्थानात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. मुंबईकडचा व्यवहार आला की मुनिमाने मनातल्या मनात सातास सहा करायचे. दादा ते बोलता बोलता करीत. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी त्यांच्या जिभेवर असत, आणि आमची पाठ व्हावीत म्हणून त्यांची बोटे आमच्या कानावर असत.

दादांचा दोन दैवतांवर विश्वास होता. एक घरातला बाळकृष्ण आणि दुसरा नवाचा ताळा.

नव्या वाचकांना हा ताळा ठाऊक नसेल. कोणत्याही संख्येचे अंक मिळवत जावे, एकच अंक उरेपर्यंत. ४७ चे चार आणि सात अकरा, अकराचे एक आणि एक दोन. हा ४७ चा ताळा. लांबलचक बेरीज मांडली की प्रत्येक रकमेचा ताळा काढायचा, ताळ्यांची बेरीज करायची आणि ती एकूण बेरजेच्या ताळ्याशी पडताळून पाहायची. जुळली नाही तर बेरीज चुकली. दादा कीर्दीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी तांबड्या शाईने तो बारीक अंक लिहीत. तो लिहून झाला की टाक कानावर ठेवीत. मग देव जरी आला तरी ते पान पुन्हा उघडायचे नाही.

१९५८ च्या दिवाळीत मी दहा वर्षांचा होतो. लक्ष्मीपूजनाच्या आधी जुन्या वह्या बंद करून शिल्लक मोजायची आणि पूजेला नव्या वह्या मांडायच्या, अशी आडतीवरची पद्धत. त्या वर्षी शिल्लक मोजली ती सत्तावीस रुपयांनी कमी भरली. पुन्हा मोजली, पुन्हा सत्तावीसच. दादांनी दोन रात्री कंदिलाशेजारी बसून वर्षाची कीर्द तपासली. सगळ्या पानांचे ताळे जुळत होते. एकही बेरीज चुकलेली नव्हती. मालक वाईट माणूस नव्हता. पण पूजेची घाई होती, पेढीवर चार माणसे बसली होती, आणि त्यांच्या तोंडून एक वाक्य निघून गेले : "मुनीमजी, रुपये काय उंदरानं खाल्ले?"

चारही माणसे हसली. तेवढेच झाले.

दादा घरी आले. आमच्याकडे आईच्या माहेरचे तांब्याचे एक घंगाळ होते. ते आणि दोन पितळी पातेली पोत्यात घालून ते बाहेर पडले. संध्याकाळी त्यांनी सत्तावीस रुपये पेढीवर मोजून दिले, किल्ल्या ठेवल्या आणि नमस्कार करून उतरले. पुन्हा त्या पेढीची पायरी चढले नाहीत. त्या दिवाळीचे अभ्यंगस्नान आम्ही रॉकेलच्या डब्यात तापवलेल्या पाण्याने केले. डबा आईने राखेने तीनदा घासला होता, तरी उटण्याला रॉकेलचा वास येतच होता. आई एक शब्द बोलली नाही. तिचे न बोलणे आम्हां सगळ्यांना ऐकू येत होते.

त्यानंतर दादांनी तीन-चार लहान दुकानांच्या वह्या धरल्या आणि संध्याकाळी पोरांना पाढे शिकवू लागले. रात्री मात्र एक नवेच खूळ सुरू झाले. त्यांनी कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर १ लिहिला. त्याखाली २. त्याखाली ४.

गोष्ट जुनीच. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या शहाण्याला राजाने बक्षीस माग म्हटले. शहाण्याने मागितले तरी काय, तर पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुपटीने चौसष्ट घरे. राजा हसला, आणि पुढे त्याचे कोठार आटले. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान याने ही कथा लिहून ठेवली आहे. हा हिशोब तर त्याच्याही आधी, सन १००० च्या सुमारास, अल्-बिरुनीने केला होता. दादांना ती उर्दू शाळेतल्या मास्तरांनी सांगितली. फरक एवढाच की मास्तरांच्या गोष्टीत गहू होता. दादांनी त्याची ज्वारी केली. परभणीत दाणा म्हणजे ज्वारीचा.

हे खूळ कशासाठी होते ते मला तेव्हा कळले नाही. आता वाटते, आपला हात चौसष्ट पायऱ्या न चुकता चढू शकतो एवढे त्यांना स्वतःलाच दाखवायचे होते. दुप्पट करायची ती पाटीवर. मग मी पाटीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी तो शाईने वहीत उतरवायचा. पुढची दुप्पट वहीतल्या आकड्याची. प्रत्येक ओळीसमोर तांबड्या शाईने ताळा. या ताळ्यांची मला फार मौज वाटे, कारण ते एका चालीत येत : एक, दोन, चार, आठ, सात, पाच, आणि पुन्हा एक, दोन, चार, आठ, सात, पाच. आकडे कोटींत गेले तरी ही चाल मोडत नसे. मी झोपेतही ती म्हणत असे, असे आई सांगे.

आणखी एक गंमत दादांनी दाखवली. कोणत्याही घरातले दाणे हे मागच्या सगळ्या घरांतल्या दाण्यांपेक्षा बरोबर एकाने जास्त असतात. चौथ्या घरात आठ, मागच्या तिघांत मिळून सात. म्हणून बेरीज करीत बसायला नको. चौसष्टाव्या घराची दुप्पट करायची आणि एक काढून घ्यायचा. दोन घरांचे मिळून ३ दाणे, चारांचे १५, आठांचे, म्हणजे एका ओळीचे, २५५, दोन ओळींचे ६५,५३५. आता हे पाहा : ३ ला ५ ने गुणले की १५. त्याला १७ ने गुणले की २५५. त्याला २५७ ने गुणले की ६५,५३५. आणि त्याला ६५,५३७ ने गुणले की अर्ध्या पटाची, म्हणजे चार ओळींची, बेरीज हातात येते. प्रत्येक वेळी गुणणारा आधीच्या बेरजेपेक्षा दोनाने मोठा. ही माळ इतकी सुबक आहे की ती कुणीतरी बसून ओवली असावी असे वाटते.

दाण्यांचे वजनही आम्ही करीत असू. ज्वारीचा दाणा साधारण तीस मिलिग्रॅमचा धरा. पटाची पहिली ओळ चिमटीत मावते. दोन ओळी म्हणजे दोन किलो, घरच्या डब्यात राहतील. तीन ओळी म्हणजे क्विंटलची पाच पोती, एका बैलगाडीत घालता येतील. चार ओळी म्हणजे सुमारे १२९ टन. एवढा माल सुगीच्या दिवसांत मोंढ्यात सहज उतरे. म्हणजे अर्धा पट परभणीच्या मोंढ्याने भरून दिला असता आणि राजाला चहा पाजून वाटेला लावले असते. गोत्यात आणतो तो उरलेला अर्धा. साऱ्या पटाचे होतात सुमारे ५५,००० कोटी टन. सगळ्या जगात आज वर्षाला जेवढे तृणधान्य पिकते ते दोनशे वर्षे साठवले तर एवढी रास होईल. या संख्येपुढे आपल्या जुन्या गणितींची नावेही अपुरी पडतात. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त दिलेली स्थानांची नावे एकंपासून परार्धापर्यंत अठरा आहेत. आमची संख्या वीस आकडी. परार्धाच्या पलीकडे दोन घरे. १८४ परार्ध आणि वर काही, असे म्हणावे लागते.

तीन महिन्यांत वही पूर्ण झाली. शेवटच्या पानावर दादांनी ठळक अक्षरांत उत्तर लिहिले, त्याखाली ताळा ६, आणि त्याखाली 'श्री'. वही आईच्या ट्रंकेत गेली.

मी पुढे बँकेत लागलो. १९७२ साली नांदेडला होतो. ते दुष्काळाचे वर्ष कोण विसरेल? मराठवाड्यात ज्वारी नव्हती. रेशनवर परदेशी तांबडी मिलो मिळे, आणि दुष्काळी कामावरच्या बायका-पोरांना सुकडी. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात आमच्या शाखेचा ताळमेळ त्रेसष्ट रुपयांनी चुकला. रात्रीचे नऊ वाजले तरी फरक सापडेना. तेव्हा आमचे वयस्क हेडक्लार्क जागेवरूनच म्हणाले, "फरकाला नवानं भाग जातो का बघा. जात असेल तर बेरजा तपासू नका. कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत."

त्रेसष्टाला नवाने भाग जातो. दहा मिनिटांत सापडले : ८१ चे कुणीतरी १८ केले होते. सगळे हसले, चहा आला. मी मात्र पेला तसाच हातात धरून बसलो. सत्तावीसालाही नवाने भाग जातो.

कारण पाहिले तर साधे आहे. दहा म्हणजे नऊ आणि एक. शंभर म्हणजे नव्याण्णव आणि एक. नऊ काढून टाकले की दहाच्या जागी बसलेला अंक काय आणि शंभराच्या जागी बसलेला काय, आपल्यापुरताच उरतो. नवाला अंक दिसतो, त्याची जागा दिसत नाही. म्हणून अंकांची उलथापालथ कशीही करा, फरक नवाच्या पटीत येणार, आणि ताळा जसाच्या तसा राहणार! देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या अशाच उलथापालथीत सारे आयुष्य रमवले. त्यांनी १९४९ साली दाखवलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार अंक घ्यावेत, फक्त चारही सारखे नकोत. ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, उत्तरावर पुन्हा तेच करावे. १९५८ च घ्या : ९८५१ उणे १५८९ म्हणजे ८२६२. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. पुढे तीच ती. वाटेतली प्रत्येक संख्या नवाच्या पटीतली आहे हे वाचकांनी ताडून पाहावे. ज्याने कापरेकरांना खेळ दिला त्याच गुणाने माझ्या वडिलांची नोकरी घेतली होती, हे मला बँकेतल्या त्या थंड होत चाललेल्या चहापुढे कळले.

दिवाळीला घरी निघालो. तेव्हा आमच्याकडे छोटी लाईन होती. पूर्णेला गाडी बराच वेळ थांबे, आणि त्या वेळी तर ती सुटणारच नाही असे मला वाटू लागले. घरी पोचल्यावर दादांना एकदम विचारायचा धीर झाला नाही. आईला म्हटले, "ती चौसष्ट घरांची वही कुठाय?" तिने ती ट्रंकेच्या तळातून काढली. वर डांबराच्या गोळीचा वास होता.

हेडक्लार्कसाहेबांनी मला अकराचा ताळाही शिकवला होता. नवापेक्षा तो किंचित कटकटीचा. एकंपासून सुरुवात करून अंक एक आड एक मिळवायचे आणि वजा करायचे, आणि उत्तरातून अकरा काढत जायचे. उणे आले तर अकरा मिळवायचे. या ताळ्याला शेजारच्या अंकांनी जागा बदलली की लगेच कळते, कारण मिळवायचा अंक वजा होतो आणि वजा करायचा मिळवला जातो. रात्री सगळे निजल्यावर मी एकेक ओळ तपासू लागलो. पहिली एकतीस घरे बरोबर निघाली. बत्तिसाव्या घरात ताळा २ यायला हवा होता, तो ७ आला.

पाटीवर असणार २,१४,७४,८३,६४८. वहीत होते २,१४,४७,८३,६४८.

चौऱ्याहत्तर लाखांचे सत्तेचाळीस लाख! फरक सत्तावीस लाख दाण्यांचा. तांबड्या शाईचा ताळा दोन्हींचा दोनच. तिथून पुढची बत्तीस घरे ती चूक इमानाने दुप्पट होत गेली होती, आणि शेवटच्या पानावर १,८४,२३,५५,१२,५०,३१,११,५१,६१५ असे उत्तर दिमाखात उभे होते. त्याचाही ताळा ६, खऱ्या उत्तराचाही ६. बत्तिसाव्या घरात एक जोडी उलटली आणि शेवटी सुमारे सत्तर कोटी टन ज्वारी कमी पडली. त्या दुष्काळी वर्षात साऱ्या देशात मिळून दहा कोटी टन धान्यही पिकले नव्हते.

मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो. मग हळू आवाजात ती वाचली, जशी दहा वर्षांचा असताना वाचली असेन : 'दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख...' आणि चूक कशी झाली ते कानाने सांगितले. आपण मराठीत चौऱ्याहत्तर म्हणतो तेव्हा आधी चार येतात आणि मागाहून सत्तर. सत्तेचाळीसमध्ये आधी सात, मग चाळीस. जिभेचा क्रम एक आणि लेखणीचा क्रम दुसरा. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे असले, आणि लिहिणाऱ्याचा हात कानाबरोबर धावत असला, तर चार आधी कागदावर पडतात. पेढीवर हेच चाले. मालकाचा मुलगा पावत्या वाची आणि दादा कीर्दीत उतरवीत. कुठल्यातरी सत्तेचाळीसाचे चौऱ्याहत्तर झाले असतील, जमा सत्तावीसांनी फुगली असेल आणि तिजोरीत तेवढे रुपये कमी भरले असतील. किंवा वाचणाराच चुकला असेल. पाटी वाचणारा मी तरी चुकलो नव्हतो, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तर चार' अशा धर्तीचे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली इथपर्यंत मजल गेली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे कारणे सांगत होत्या आणि आमच्या घरी दिवाणखान्यात चेष्टा चालू होती. मी चेष्टेत सामील झालो नाही. चौऱ्याहत्तर हा शब्द मलाही प्रिय आहे, तो जावा असे मुळीच वाटत नाही. पण त्याने आमच्या घरातून काय नेले ते मला ठाऊक होते. आपण एकटेच असे आहोत असेही नाही. जर्मन लोकही चार-आणि-सत्तर म्हणतात.

जर्मनांवरून आठवले. आमच्या वीस आकडी संख्येच्या पोटात एका मोठ्या माणसाची चूक दडलेली आहे. मघाच्या त्या माळेतले ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे पाचही मणी अविभाज्य. पुढचा मणी ४,२९,४९,६७,२९७. १६४० च्या सुमारास फ्रान्सच्या फर्माने मत दिले की या जातीच्या सगळ्याच संख्या अविभाज्य असणार. जवळजवळ शंभर वर्षे ते तसेच राहिले. १७३२ साली ऑयलरने दाखवले की या सहाव्या संख्येला ६४१ ने भाग जातो आणि ६७,००,४१७ येतात. हा ऑयलर जर्मन बोलणारा, आयुष्यभर चार-आणि-सत्तर म्हणणारा, पण त्याचा भागाकार चुकला नाही. फर्माला कुणी उंदराबद्दल विचारले नाही. त्याचे नाव त्या संख्यांना आजही आहे.

पाडव्याच्या सकाळी मी वही दादांपुढे ठेवली, बत्तिसाव्या ओळीवर बोट ठेवले आणि पाटीवर दोन्ही ताळे काढून दाखवले. मग नांदेडच्या त्रेसष्ट रुपयांची हकीकत सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. अकराचा ताळा त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"मी पैसे घेतले नव्हते हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "गेले कुठं ते माहीत नव्हतं."

मी म्हटले, पेढीवर जाऊ, जुन्या वह्या मागू, मालक अजून आहेत. त्यांनी मान हलवली. "चौदा वर्षं झाली. वाळवीनं केव्हाच हिशोब चुकता केला असेल." थोड्या वेळाने म्हणाले, "शाई आण."

मी पाटी घेऊन नेहमीच्या जागी बसलो, तर म्हणाले, "तू वाचू नकोस. मी बघून लिहितो."

दिवसभर ते लिहीत होते. जेवायला उठले तेवढेच. तेहेतिसाव्या घरापासून चौसष्टाव्यापर्यंत सगळे आकडे नव्याने, प्रत्येकापुढे आता दोन ताळे, एक नवाचा आणि एक अकराचा. ओसरीत पणत्या लावून झाल्या तेव्हा ते शेवटच्या ओळीवर आले. दुप्पट केली, एक वजा केला. वीस अंक कागदावर उतरले. ते त्यांनी आधी सरळ आणि मग उलट मोजले.

"अकराचा?"

मी पाटीवर करून पाहिला. "चार."

"चार," ते म्हणाले. मग पाने उलटत बत्तिसाव्या घरापाशी आले आणि समासात तांबड्या शाईने लिहिले : 'फरक २७ लाख. सापडला.' खाली तिथी घातली आणि टाक कानावर ठेवला.

आई इतका वेळ उंबऱ्यात उभी राहून पाहत होती.

"सापडला ना?" ती म्हणाली. "मग माझं घंगाळ आणा."

दादा हसले. चौदा वर्षांत या विषयावर ते हसलेले मी प्रथमच पाहिले. पुढच्या पगाराला मी नांदेडहून तांब्याचे घंगाळ घेऊन आलो. गाडीत ते मांडीवर धरून बसलो होतो आणि लोक विचारीत होते, लग्न आहे का. ते सत्तावीस रुपयांत आले नाही. किती पडले ते मी आईला सांगितले नाही, आणि तिनेही विचारले नाही.